'अ ख्रिसमस टेल': आईला मुलाची मज्जा चालते कशी, आणि बहिणीने घातलेली बंदी कायद्यात बसते का?

कंदील:
दिग्दर्शक आर्नो देप्लेशांचा २००८ चा चित्रपट 'अ ख्रिसमस टेल' नुकताच पाहिला. अडीच तासांत इतकी माणसं येतात-जातात की काही धागे हातातून निसटले. न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. उत्तर फ्रान्समधल्या रुबे शहरात व्हुईयार कुटुंब राहतं. आई जुनों (कॅथरिन दनव) हिला रक्ताचा गंभीर आजार होतो आणि मज्जारज्जूचं रोपण करावं लागणार असं ठरतं. घरात जुळणारे निघतात दोघंच. एक म्हणजे मुलगी एलिझाबेथ हिचा किशोरवयीन मुलगा पोल. दुसरा जुनोंचा मुलगा ऑन्री (मात्यू आमालरिक). याच ऑन्रीचं कर्ज काही वर्षांपूर्वी एलिझाबेथने फेडलेलं असतं, तेही 'यापुढे तू माझ्या नजरेस पडायचं नाहीस' या अटीवर.

माझे प्रश्न असे. तिन्ही मुलं त्याच आईची, मग एकच कसा जुळतो? बहिणीची ती अट कायद्याने टिकते का? आणि एलिझाबेथला भावाचा एवढा तिटकारा नक्की कशामुळे? ते कुठे सांगितलंय आणि माझ्याकडून सुटलं का?

सूक्ष्मदर्शी:
आधी एक शब्द दुरुस्त करू, कारण मराठीत हा घोटाळा सर्रास होतो आणि त्यापायी लोक दाता व्हायला घाबरतात. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारा चेतातंतूंचा दोर. त्याचं रोपण होत नाही. रोपण होतं ते अस्थिमज्जेचं, म्हणजे हाडाच्या पोकळीतल्या रक्त तयार करणाऱ्या मऊ गराचं. सुई कण्यात जात नाही. दात्याला भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा ओढून घेतात. प्रमाण साधारण दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे १० ते २० मिलिलिटर. ऑन्री ७० किलोचा धरला तर ७०० ते १४०० मिलिलिटर. कंबर काही दिवस ठणकते आणि मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. दुसरा मार्ग म्हणजे चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मज्जेतल्या, रक्त घडवणाऱ्या मूळपेशी रक्तात उतरवायच्या आणि यंत्राने गाळून घ्यायच्या.

आता जुळण्याचं. पेशींवर 'हा आपला, हा परका' अशी ओळख पटवणाऱ्या खुणा असतात, त्यांना एचएलए म्हणतात. त्यांतली पहिली खूण १९५८ मध्ये ज्याँ दोसे या फ्रेंच डॉक्टरांनी शोधली, १९८० चं नोबेल त्यासाठीच. या खुणांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात आणि बहुधा अख्खा गठ्ठा एकत्रच पुढे जातो. प्रत्येकाकडे दोन गठ्ठे, एक आईकडचा, एक बापाकडचा. म्हणून सख्खी भावंडं एकमेकांना पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. तीन भावंडं असतील तर निदान एक तरी जुळण्याची शक्यता ५८ टक्क्यांच्या आसपास जाते.

आई आणि मूल यांचं गणित मात्र वेगळं. मूल आईला अर्धं जुळतंच, पण पूर्ण सहसा नाही, कारण दुसरा गठ्ठा बापाचा. तो योगायोगाने आईच्या दुसऱ्या गठ्ठ्यासारखा निघाला तरच पूर्ण जुळणी. नात्यातल्या लग्नांत हे जास्त दिसतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत आई-मुलाची पूर्ण जुळणी म्हणूनच अगदीच अनपेक्षित नसते. पण जुनों आणि तिचा नवरा आबेल नात्यातले असल्याचं चित्रपटात कुठे येत नाही. नातवाची गोष्ट त्याहून अवघड. पोलला एलिझाबेथकडून मिळालेला गठ्ठा जुनोंचा असेलच असंही नाही, तो आजोबांचाही असू शकतो. म्हणजे दिग्दर्शकाने एकाच घरात दोन लॉटऱ्या लावल्यात. आज हीच कथा लिहिली तर तिन्ही मुलं दाता म्हणून चालतील. रोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देण्याची पद्धत रुळल्यापासून अर्धी जुळणीही वापरतात. २००८ मध्ये ती नुकती पुढे येत होती.

बिघडतं कुठे? रोपणाआधी आठवडाभर केमोथेरपीने रोग्याची मज्जा रिकामी करतात. मग दात्याच्या पेशी रक्तासारख्या शिरेतून चढवतात, नवी मज्जा धरायला दोन ते चार आठवडे. तोवर पांढऱ्या पेशी जवळपास शून्य, साधा जंतूही जिवावर बेततो. म्हणून ती बंद खोली. पुढे दात्याच्या पेशीच रोग्याच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करू शकतात. जुनोंला त्वचा भाजल्यासारखी होण्याची जी भीती घातली जाते ती हीच. वय वाढेल तसा हा धोका वाढतो. गणितज्ञ जावई फळ्यावर जी आकडेमोड मांडतो तिचं सार एवढंच: रोपण न करता किती दिवस मिळतील, आणि केलं तर त्यानेच मरण्याचा धोका किती.

मुखत्यार:
कायद्याचं मी घेतो. ती अट म्हणजे दोघांमधला सौदा. आई-बापांवर ती बंधनकारक नाही, आपल्या घरी कोणाला बोलवायचं ते त्यांचं ते ठरवतील. आणि वारसाहक्काला तर ती शिवतही नाही. फ्रान्समध्ये मुलाला इस्टेटीतून बेदखल करता येत नाही. एक मूल असेल तर निम्मी इस्टेट राखीव, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. जुनोंची हयात मुलं तीन, त्यामुळे मृत्युपत्राने मनासारखी वाटायला तिच्या हातात उरतो फक्त चौथा हिस्सा. आई-बापाच्या खुनासारखा गुन्हा सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी. नुसतं नावडतं असणं पुरत नाही.

आपल्याकडच्या हिंदू वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण स्वकष्टार्जित मालमत्ता आपण मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. गोव्यातल्या वाचकांना मात्र यात नवल नाही. पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेल्या नियमाने तिथेही निम्मी इस्टेट वारसांसाठी राखीव असते.

भांडकुदळ भावंडांची खरी कोंडी आईच्या पश्चात होते. घर सगळ्यांचं सामाईक होतं. रोजच्या कारभाराचे निर्णय दोन तृतीयांश हिश्शाच्या बहुमताने होतात, विकायचं तर साधारणपणे सगळ्यांच्या सह्या लागतात. तरीही फ्रेंच नागरी संहितेचं ८१५ वं कलम म्हणतं की कोणावरही सामाईकीत राहण्याची सक्ती नाही. म्हणजे ऑन्री उठून वाटणी मागू शकतो. शिवाय मृत्यूनंतर सहा महिन्यांत वारसा कराचं विवरण भरावं लागतं. भावंडं बोलत नाहीत म्हणून ती मुदत थांबत नाही.

आणखी एक खाचखळगा. २०५ वं कलम गरजू आई-बापांना पोसण्याचं बंधन मुलांवर घालतं. भावंडांमध्ये एकमेकांचं असं कोणतंच बंधन नाही. एलिझाबेथने कर्ज फेडलं ते निव्वळ तिच्या मर्जीने, आणि ते बोचतं ते त्यामुळेच.

मज्जादानाबद्दल: चित्रपटाच्या काळी जिवंत दात्याला आपली संमती न्यायालयाच्या अध्यक्षांपुढे द्यावी लागे, आणि ती तो कधीही, कोणत्याही सोपस्काराशिवाय मागे घेऊ शके. पोल अल्पवयीन असेल तर २००४ च्या कायद्यात भावंडं, आणि अपवाद म्हणून चुलत-मावस-मामे-आते भावंडं, काका-मामा, मावशी-आत्या, भाचे-पुतणे यांना देण्याची मुभा होती. आजी त्या यादीत नव्हती. पटकथेने इकडे काणाडोळा केलाय.

तिसरी घंटा:
तिटकाऱ्याचं कारण तुमच्याकडून सुटलेलं नाही, ते चित्रपटात नाहीच. शोधत बसलात तर बाकीचं निसटेल. देप्लेशां कारणाऐवजी एक जुना हिशेब देतात. सुरुवातीच्या छायाबाहुल्यांच्या प्रसंगाकडे परत जा. थोरला जोझेफ लहानपणीच रक्ताच्या आजाराने गेला. एलिझाबेथची मज्जा त्याला जुळली नाही, म्हणून ऑन्री जन्माला घातला गेला. तोही जुळला नाही. आता तोच निरुपयोगी ठरलेला मुलगा आईला जुळतो, आणि या खेपेलाही एलिझाबेथ जुळत नाही. मला तरी एवढं पुरेसं वाटतं.

दुसऱ्यांदा पाहताना आई-मुलाचा अंगणातला प्रसंग नीट ऐका. तुझं माझ्यावर अजून प्रेम नाही का, असं तो विचारतो. कधीच नव्हतं, ती म्हणते. माझंही नाही, तो म्हणतो. दोघं हे हवापाण्यासारखं बोलतात. आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत रडत नाही. आपल्या कौटुंबिक चित्रपटांची सवय असलेला प्रेक्षक इथे समेटाची वाट पाहत बसतो आणि फसतो. पात्रं मध्येच कॅमेऱ्याकडे पाहून बोलू लागतात तेही त्याच जातीचं आहे, दिग्दर्शक आपल्याला रडायला सवड देत नाही.

व्हुईयार हे आडनाव देप्लेशांकडे पुन्हा पुन्हा येतं. २००४ च्या 'रोआ ए रेन'मध्ये आहे, २०२२ च्या 'फ्रेर ए सर'मध्येही. या दुसऱ्यात आई-वडिलांच्या अपघातामुळे अबोला धरलेले बहीण-भाऊ समोरासमोर येतात. तिथेही वैराचं मूळ धडपणे हाती लागत नाही. रुबे तर त्यांचं जन्मगाव. लोकरीच्या गिरण्यांचं, एकेकाळी 'हजार धुराड्यांचं शहर' म्हणवणारं. आबेलचा धंदा कापड रंगवण्याचा दाखवलाय तो उगाच नाही.

कंदील:
मज्जारज्जूबद्दल कान पकडले. सूक्ष्मदर्शी, एकच राहिलं. शेवटी ऑन्री नाणं उडवतो आणि निकाल आपल्याला दिसत नाही. प्रत्यक्षात रोपण धरलं की नाही ते डॉक्टरांना कळतं कशावरून?

सूक्ष्मदर्शी:
पहिली खूण म्हणजे पांढऱ्यांपैकी न्यूट्रोफिल या पेशी सलग तीन दिवस दर मायक्रोलिटरला ५०० च्या वर राहतात. मग रक्तातल्या किती पेशी दात्याच्या आणि किती रोग्याच्या, ते मोजतात. दाता पुरुष आणि रोगी स्त्री असेल तर सोपं जातं, वाय गुणसूत्र शोधायचं. रक्तगट वेगळा असेल तर तोही काही महिन्यांत दात्याचा होतो. रोपण धरलं असेल तर जुनोंच्या रक्ताच्या नमुन्यात प्रयोगशाळेला ऑन्री सापडेल.