राहुटीला दार नसलं तरी ते घरच: साधुग्राम, गंगाघाट आणि दिंडीतले फोटो

२०२७ च्या सिंहस्थात नाशिकच्या तपोवनात पुन्हा साधुग्राम, म्हणजे साधूंची तात्पुरती वस्ती, उभं राहील, आणि त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा तर दर पौषात असतेच. दोन्हीकडे माणसं उघड्यावर राहतात, स्वयंपाक करतात, आंघोळ करतात, झोपतात. अशा ठिकाणी फोटो काढणाऱ्यांनी आपलं कामाचं ज्ञान इथे लिहावं. कुणाला विचारायचं, काय बिघडतं, का बिघडतं, एवढंच हवं आहे. आलेली उत्तरं लिहिणाऱ्याच्या ठिकाणाच्या नावाखाली दिली आहेत.

पंचवटीतून

आधी हद्द ओळखा. रस्त्यावरून खालशाच्या (साधूंच्या एका गटाच्या तळाच्या) कमानीचा फोटो घ्यायला कुणाला विचारावं लागत नाही. मंडपात प्रवचन चालू असेल तर दाराशी बसलेल्या सेवेकऱ्याला विचारा. मागच्या राहुट्या म्हणजे घरं. पडदा अर्धा वर आहे म्हणजे तुम्हाला बोलावलंय असं नाही, वारा यावा म्हणून तो बांधलेला असतो.

खालशात होकार महंतांचा किंवा कोठाऱ्यांचा (भांडार सांभाळणाऱ्यांचा) घ्यायचा. चपला बाहेर काढा, नमस्कार करा, खाली बसा, लेन्सला झाकण लावून कॅमेरा मांडीवर ठेवा. बरेचसे साधू उत्तरेकडचे असतात, त्यामुळे ‘महाराज, एक फोटो ले लूँ?’ एवढं हिंदी पुरतं. चहा आला तर आधी चहा घ्या. धुनी ओलांडायची नाही आणि फ्रेम चांगली दिसावी म्हणून चिमटा किंवा कमंडलू हलवायचा नाही. मौनी साधूंच्या बाबतीत शिष्याने ‘हो’ म्हटलं तरी स्वतः साधूंकडे बघा. तळहात पुढे आला किंवा उपरणं तोंडावर ओढलं गेलं की तिथून उठायचं.

पैशांचं आधीच बोला. फोटो झाल्यावर घासाघीस करणं दोघांनाही कमीपणा आणतं.

सातपूरहून, फक्त तांत्रिक

भगव्या ताडपत्रीखाली चेहरा नारंगी होतो. व्हाइट बॅलन्स बदलून थोडंच सुधारतं, कारण तिथे निळा उजेड जवळजवळ नसतोच. लाल रंग फुटतो (मर्यादेपलीकडे भडक होतो) आणि कातडीचा पोत जातो. त्यांची तयारी असेल तर राहुटीच्या दारापासून दोन-तीन फूट आत बसायची विनंती करा, म्हणजे आभाळाचा उजेड चेहऱ्यावर येतो. रॉ फाइल घ्या, एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली ठेवा. धुनीच्या धुरात ऑटोफोकस भटकतो, तेव्हा एकच फोकस पॉइंट डोळ्यावर लावा.

रात्री मंडपातल्या स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर लावलं तर फोटोवर आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर वापरा, वेग १/५० किंवा १/१००.

श्रावण-भाद्रपदातली दमट हवा विसरू नका. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला तर काचेवर वाफ धरते. पिशवी बंदच ठेवून वीसेक मिनिटं थांबा.

लेन्स ३५ किंवा ५० मिमीची. २०० मिमीने लांबून टिपलेला चेहरा म्हणजे न विचारलेला चेहरा.

गंगेजवळ राहणारी

वरच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. रामकुंडावर, म्हणजे गोदावरीच्या (आमच्या गंगेच्या) स्नानाच्या घाटावर, बायका ओल्या साडीत वर येतात, आडोशाला कपडे बदलतात. तिकडे लेन्स वळवायचीच नाही. ‘सार्वजनिक जागा आहे’ हे उत्तर चालत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली, बाईला खासगीपणाची अपेक्षा असलेल्या परिस्थितीत तिचं खासगी कृत्य टिपणं हा गुन्हा आहे. तिने टिपायला होकार दिला पण पसरवायला दिला नसेल, तर पसरवणंही गुन्ह्यात येतं.

अस्थिविसर्जनाला आलेलं कुटुंब वेगळं दिसतं: नुकतंच मुंडन केलेला मुलगा, हातात तांब्या किंवा कापडात बांधलेलं मडकं, शेजारी गुरुजी. त्यांना फोटो विचारूसुद्धा नका. त्या घडीला माणूस ‘नाही’ म्हणायच्याही अवस्थेत नसतो.

गर्दीच दाखवायची असेल तर अहिल्याबाई होळकर पुलावरून घ्या, माणसं ओळखू येणार नाहीत इतकी लहान दिसतात. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणवाहिनी आहे, सकाळचं ऊन कपालेश्वर मंदिराच्या बाजूने येतं.

त्र्यंबकहून

दिंडीत ‘माउली, फोटो काढू का?’ असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, म्हणून जास्त जपायचं. हा होकार पाहुणचाराचा असतो, फोटो कुठे जाणार याची त्यांना कल्पना नसते. ‘हा फेसबुकवर टाकणार आहे’ हे स्पष्ट सांगा, मग पुन्हा विचारा. आधी दिंडीचालकांना भेटा. विणेकऱ्यांना थांबवायचं नाही, वीणा खाली ठेवायला तर कधीच सांगायचं नाही. लहान मुलाचा फोटो आई-वडिलांनी हो म्हटल्यावरच. काका-मामांचा होकार धरू नका.

पहाटेच्या थंडीत चुलीभोवती बसलेल्या बायकांवर फ्लॅश मारू नका. डोळे दिपतात, हात भाजतो.

इंदिरानगरहून

पैशांबद्दल माझं मत वेगळं. पैसे देऊच नयेत, प्रिंट द्यावी. पैसे देणारा एक आला की पुढच्या प्रत्येकाला दर सांगितला जातो.

टाकण्याआधी फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर आतली ठिकाणाची नोंद निघून जाते, पण दर्जाही पडतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा राहतो आणि नोंदही राहते, म्हणून ती आधी काढून टाका. मागे चुकून आलेला चेहरा झाकायचा तर गडद चौकोनाने झाका. हलका धूसर केलेला चेहरा ओळखीचा माणूस सहज ओळखतो.

पुन्हा पंचवटीतून, प्रिंटबद्दल

इंदिरानगरकरांचं पटलं, पण प्रिंट पोचली पाहिजे. वहीत फाइल नंबर, खालशाचं नाव आणि मूळ आश्रमाचं गाव लिहा. दिंडी असेल तर दिंडीचालकांचा फोन. शेवटच्या स्नानानंतर राहुट्या भराभर उतरतात आणि एकादशीचं पारणं झालं की दिंड्या परत निघतात, तेव्हा ४×६ ची प्रिंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी द्या. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो. नाव-गाव रिकाम्या पाकिटावर लिहा, मग फोटो आत घाला.