मदत हवी आहे: काळजीचा हक्क मान्य झालाय ना, मग अर्जात काय लिहू?

तापीकाठ (चोपडा)
सोमवारी अर्ज द्यायचाय. काळजी हा मानवी हक्क आहे असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलंय, त्याचा क्रमांक आणि अर्जापुरती दोन वाक्यं हवीत. कार्यालयात "असा भत्ता नाही" म्हणून तोंडीच परत पाठवतात.

केळीबाग (रावेर)
कसला अर्ज, कोणाकडे? काळजी कोणाची, म्हाताऱ्या माणसाची की दिव्यांगाची?

न्यायवाट (धुळे)
आधी न्यायालयाचं. ते हेगचं, संयुक्त राष्ट्रांचं नाही, कोस्टा रिकातलं आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालय. अर्जेंटिनाने २०२३ मध्ये विचारलं, २०२५ मध्ये सल्लागार मत क्र. ३१ आलं. काळजी मिळणं, दुसऱ्याची घेणं आणि स्वतःची घेणं, असा तिहेरी स्वतंत्र हक्क त्यात मानलाय. मोठी गोष्ट आहे, पण भारत त्या व्यवस्थेत नाही. पहिल्याच परिच्छेदात टाकलंत तर "लागू नाही" असा शेरा बसेल, आणि तो चुकीचा नसेल.

सातपुडा_वारा (शहादा)
आईवडिलांसाठी असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे जा. महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाहभत्ता मिळतो, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, वकिलाची गरज नाही.

केळीबाग
हाई काम प्रांतनं नई शे, भाऊ. त्या भत्ता म्हणताहेत, मुलांकडून पोटगी नाही. ताई, दिव्यांगत्व असेल तर टक्केवारी सांगा.

तापीकाठ
मुलगा १४ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, ८५ टक्के, यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) आहे. त्याच्या आईला आता निंदणी-वेचणीला जाता येत नाही.

न्यायवाट
हे आधी सांगायला हवं होतं. मग पाया दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. कलम २ च्या व्याख्येत बिनपैशाने काळजी घेणारे आईवडीलही काळजीवाहक आहेत. भत्ता कलम २४(३) मध्ये आहे, पण "जास्त आधाराची गरज" असलेल्यांसाठी. ही गरज ८५ टक्क्यांवरून आपोआप ठरत नाही. कलम ३८ खाली वेगळा अर्ज करावा लागतो, तो मूल्यांकन मंडळाकडे जातो. बहुतेक अर्ज इथेच अडतात. सोबत एका दिवसाचा तक्ता जोडा: भरवणं, कूस बदलणं, शौच, औषधं, रात्री किती वेळा उठावं लागतं. प्रत्येकापुढे मिनिटं लिहा.

कलम २४ मध्ये "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" असे शब्द आहेत, नकार त्याच्याच आडून येतो. तिथे आंतरराष्ट्रीय कायदा घाला, पण भारताने २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार, अनुच्छेद १९ आणि २८. अनुच्छेद २८ मध्ये गरीब कुटुंबाला दिव्यांगत्वाच्या खर्चासाठी मदत आणि काळजीवाहकाला विसावाही येतो. सल्लागार मत शेवटी, एका ओळीत.

सातपुडा_वारा
नुसता भत्ता मागून आई घरातच अडकेल. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामाला बाया दिवसाला २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. मदतनीस मागा.

केळीबाग
दोन्ही मागा, वेगळ्या परिच्छेदांत. एकत्र लिहिलं की एका मागणीच्या नकारात दुसरीही जाते.

वाघूर (जामनेर)
अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळते, सुप्रीम कोर्ट, २०२२. त्याही काळजीच घेतात.

केळीबाग
खरंय, पण त्याला वेगळा धागा काढा.

तापीकाठ
कलम ३८ चा अर्ज कोणी केलाच नव्हता! सही आईची की माझी?

न्यायवाट
मुलाच्या वतीने कोणीही व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आईची सही असलेली बरी. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. नकार आला तर लेखी मागा, तोच जोडून पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.