मदत हवी आहे: खोल पाण्यात लाल स्क्विड नेमका कधी लाल दिसेल?

मंडळी, एक साहसकथा लिहितोय, छोटी पाणबुडी, आत दोघं जण, खोली साधारण 800 मीटर. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो, 30 मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं, खोलवरची लाल कोळंबी म्हणूनच अंधारात लपून जाते आणि तिथल्या बहुतेक जीवांचा स्वतःचा उजेड निळा असतो, इथपर्यंत वाचून झालंय. व्हिडिओ पण भरपूर बघितले पण त्यात रंग नंतर दुरुस्त केलेले असतात, त्यामुळे भरवसा नाही (दिसतात मात्र झकास).

आता अडलंय ते इथे. पाणबुडीचा पांढरा दिवा चालू आहे आणि समोरून मोठा लालभडक स्क्विड येतोय. उजेड त्याच्यापर्यंत जाऊन परत येणार म्हणजे पाण्यातून दुप्पट अंतर, मग लांबून तो काळपटच दिसणार ना? पाणी एकदम स्वच्छ धरा, काचेतून नुसत्या डोळ्यांनी बघतायत, कॅमेरा नाही. 'कथा आहे, काहीही चालतं' हे प्लीज नको. साधारण किती मीटरवर आल्यावर त्याचा लाल कळायला लागेल, आणि तो आधी तपकिरी होत होत लाल होईल की एकदम?