जुन्या घराच्या भिंती रंगासाठी तयार करताना : तुमचे अनुभव लिहा

गुहागरजवळचं आजोबांचं घर. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, माजघराला चुन्याचा गिलावा, त्यावर वर्षानुवर्षांचा चुना आणि सगळ्यावर काकांनी केव्हातरी मारलेलं निळं डिस्टेंपर. गेल्या मे महिन्यात चार दिवस रजा काढून मी आणि बायकोने व्हिडिओ बघत रंगकाम केलं. सुटलेले पोपडे खरवडायच्या पत्र्याने काढले आणि थेट दोन हात मारले. फोटो झकास आले. गणपतीला कुलूप उघडलं तर अख्खी भिंत तळलेल्या पापडासारखी फुगलेली. एक कड ओढली तर हातभर रंग सोलून आला, मागच्या बाजूला पांढरी भुकटी चिकटलेली.

म्हणून हा धागा. 'पेंटर बोलवा' एवढं सोडून काहीही लिहा. मे महिन्यात कोकणात पेंटर मिळतो हा गैरसमज माझा कधीच दूर झालाय. तुम्ही स्वतः काय केलं आणि काय फसलं ते हवंय.

मालवण

रंगाला नावं ठेवू नका, तो चुन्याला चिकटला आणि चुना भिंतीला चिकटलेला नव्हता. कोरडा तळवा भिंतीवर जोरात घासायचा. पांढरा झाला तर तो थर निघालाच पाहिजे. मी स्पंजने तीन-चार हात जागा भिजवायची, दहा मिनिटं थांबायची, मग पुन्हा भिजवायची. त्यानंतर पत्रा आडवा धरला की साय निघावी तसा थर गुंडाळत येतो. पत्रा उभा धरलात तर गिलाव्याला खाचा पडतात. पहिल्या दिवशी माझ्या पडल्याच. एक खोली खरवडायला तीन दिवस लागले, खाली अंथरलेली गोणपाटं फेकून द्यावी लागली.

खरवडून झाल्यावर बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा. टणक वाजली तर ठीक, बद्द वाजली तर तिथला गिलावा सुटलाय. तेवढाच तुकडा पाडून चुन्यानेच भरा. आमच्या गवंडीकाकांनी सिमेंट लावू दिलं नाही. चिरा पाणी पितो आणि ते त्याला बाहेर टाकायला वाट लागते. सिमेंटने ती वाट बुजवली की ओल भिंतीतच राहते. शेवटी मी रंगाचा नादच सोडला आणि डिंक घातलेला गाळीव चुना मारला. दोन पावसाळे झाले, शाबूत आहे.

चिपळूण

22 जुलै 2021 चा पूर. पाणी स्विचबोर्डाच्या वर होतं. चिखल काढला, भिंती धुतल्या. त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला होते आणि देव काळ्या भिंतीपुढे बसवायचे का, म्हणून ऑगस्टअखेर पुट्टी मारून घेतली. माझाच हट्ट. दिवाळीपर्यंत कमरेएवढ्या उंचीवर पांढरी लव उगवली, हात लावला की मिठासारखी गळायची. हा लोणा. भिंतीतलं पाणी वाळताना आतले क्षार पृष्ठभागावर आणून सोडतं.

मी तो ओल्या फडक्याने पुसत बसलो, ही दुसरी चूक. क्षार पाण्यात विरघळून परत आत गेले. मग पाण्याच्या खुणेच्या वर वीतभर जागा धरून खालचा सगळा गिलावा पाडला आणि भिंत फेब्रुवारीपर्यंत उघडी ठेवली. दर रविवारी कोरड्या ब्रशने झाडायचं, केर सुपलीत भरून बाहेर. नवा गिलावा झाल्यावर त्यालाही महिनाभर दिला, मगच प्रायमर. घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, अजून रंग नाही? (विचारणाऱ्यांपैकी दोघांच्या भिंतींना आज लोणा आहे.)

कुडाळ

चुलीमागची भिंत. काजळी सोडा आणि साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली, पांढरा रंग दिला. आठवड्यात चहाचे डाग पडावेत तसे पिवळे ओघळ वर आले. अजून एक हात, परत ओघळ. आत्या ओटीवरून म्हणाली, "आदी भिंत सुकांदे, मगे रंगाचा बघूया." तिचं बरोबर होतंच, पण इथे ओल एकटी नव्हती. काजळीचा तेलकटपणा पाण्याच्या रंगातून वर येतो. तेलावरच्या प्रायमरचा एक हात दिल्यावर थांबला.

श्रीवर्धन

जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत हवं, हा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण जाणे. आम्ही पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासलं, खाली प्लास्टिक अंथरलं आणि नातवंडांना चार दिवस शेजारी पाठवलं.

देवगड

सिमेंटची पुट्टी कोरड्या भिंतीवर लावली, भिंतीने तिचं पाणी शोषून घेतलं आणि ती पावडर होऊन गळली. आधी भिंत जरा ओलसर करायची. दोन पातळ हात, कालवताना तासाभरात संपेल एवढीच. आणि रात्री टॉर्च भिंतीला टेकवून आडवा उजेड टाका, दिवसा गुळगुळीत दिसलेल्या भिंतीवर डोंगरदऱ्या दिसतील. माझ्या तर अजून आहेत.

धागाकर्ता, दिवाळीनंतर

सगळ्यांचे आभार. माजघर पूर्ण खरवडलं. नंतर ऑफिसातल्या एका इंजिनीअरने सांगितलं तसा हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन भिंतींवर एक दिवस ठेवला. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा, मागच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतलं. ओटीकडची भिंत कोरडी. मागच्या भिंतीवर प्लास्टिकच्या आत थेंबच थेंब, पावसाळा संपून महिना झाला तरी.

म्हणून परसात जाऊन पाहिलं. न्हाणीचं पाणी सोडलेलं केळीचं आळं बरोबर त्या भिंतीला टेकून, जोत्याच्या वर माती चढलेली. केळी काकांनी स्वतः लावल्यात आणि सध्या लोंगर धरलाय. डिसेंबरात ओटीकडची भिंत घेतोय. मागच्या भिंतीचं काकांशी बोलायचं कसं, याचा कुणाला अनुभव असेल तर तोही लिहा.