सी-12 आणि सी-16 एकाच ठिपक्याखाली? रेणूंच्या साम्याचा नकाशा तुम्ही कशात काढता?

पिपेटवाली:
नमस्कार मंडळी. मी रबाळे एमआयडीसीत सर्फॅक्टंटच्या (साबणासारख्या फेसाळ रसायनांच्या) लॅबमध्ये आहे, राहते घणसोलीला. चौदा वर्षं हातात पिपेट. कोडिंगशी संबंध मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टपुरता.

आमच्याकडे 212 रेणूंची एक्सेल शीट आहे, स्माइल्ससकट (रेणूची रचना एका ओळीत अक्षरांनी लिहायची पद्धत). कोण कुणासारखा आहे हे सरांना एका चित्रात हवं होतं. जोड्या होतात 22,366, त्यामुळे टेबल छापून उपयोग नव्हता. आमच्या ट्रेनी मुलाने दोन संध्याकाळी बसून आरडीकिटमध्ये (रसायनशास्त्राची मोफत कोड लायब्ररी) मॉर्गन फिंगरप्रिंट, म्हणजे रेणूतल्या तुकड्यांची हजेरी, काढले (त्रिज्या 2, 2048 बिट), टॅनिमोटोने (0 ते 1 असा साम्याचा आकडा) तुलना केली आणि वर यूमॅप, म्हणजे सारखे रेणू जवळ ठेवणारा ठिपक्यांचा नकाशा. रंगीत ठिपके दिसायला झकास.

सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, "यात बेन्झाल्कोनियम क्लोराइड कुठंय?" मुलाने त्या जंतुनाशक सर्फॅक्टंटचा ठिपका मोठा केला. सी-12, सी-14, सी-16 (आकडा म्हणजे लांब साखळीतले कार्बन) तिन्ही एकमेकांवर बसलेले, आपसातलं साम्य 1.00. सर म्हणाले, "मग आपण तीन वेगळे ड्रम कशाला भरतो?" पोरगा लाल झाला.

मला खटकलं ते पुढचं. त्याच सी-16चं ब्रोमाइड मात्र थोडं बाजूला पडलेलं. म्हणजे साखळीत चार कार्बन वाढले तरी फरक शून्य, आणि क्लोराइडचं ब्रोमाइड झालं की लगेच फरक! आम्ही रोज सीएमसी (ज्या तीव्रतेला सर्फॅक्टंटचे रेणू पाण्यात पुंजके करू लागतात ती) मोजतो. असल्या आयनिक सर्फॅक्टंटमध्ये साखळीत एक कार्बन वाढला की सीएमसी साधारण निम्मी होते. आमच्या दृष्टीने साखळी हीच तर मुख्य गोष्ट.

चूक कुठे आहे? आणि ठिपक्यावर क्लिक केलं की रचना समोर येईल असं एखादं टूल सांगा. फुकट हवं, आणि ऑफलाइनच हवं. बाहेरच्या वेबसाइटवर रचना टाकल्या तर आमचे आयटीवाले जीव घेतील.

खोपटचा_केमिस्ट:
ताई, मुलाला ओरडू नका, कोड बरोबर आहे. हा फिंगरप्रिंट प्रत्येक अणूभोवती दोन बंधांपर्यंत काय आहे ते बघतो आणि तसा तुकडा "आहे की नाही" एवढंच नोंदवतो. लांब साखळीच्या मधले सगळे सीएच-टू त्याला सारखेच दिसतात. पिशवीत कांदे आहेत का, हे तो सांगतो. एक किलो की पाच, ते नाही. म्हणून 12 काय नि 16 काय, बिट तेच.

बिटऐवजी काउंट फिंगरप्रिंट घ्या, आरडीकिटमध्येच आहे. नुसते अणू मोजले (त्रिज्या 0, हायड्रोजन सोडून, क्लोराइड बाजूला) तरी सी-12मध्ये 22 आणि सी-16मध्ये 26. साम्य 22 भागिले 26, म्हणजे 0.85. ठिपके सुटे होतील.

ब्रोमाइडचं कारण साधं. तो आयन स्माइल्समध्ये वेगळा तुकडा म्हणून बसलाय, त्याचा स्वतःचा बिट लागतो. तुलनेआधी प्रतिआयन (सोबतचा क्लोराइड-ब्रोमाइड) काढून टाका आणि वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. आमच्याकडे हायड्रोक्लोराइडवाल्या एपीआयचा (औषधातल्या मुख्य घटकाचा) असाच घोळ झाला होता, आठवडा गेला.

ऐरोलीकर_72:
टूल विचारलंत ना? डेटावॉरिअर. मोफत, ओपन सोर्स, स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं, रचना बाहेर जात नाही. शीट उघडा, स्माइल्सच्या कॉलमवरून रचना तयार करून घ्या.

एक काळजी घ्या. आपोआप निघणारा डिस्क्रिप्टर (रेणूचं आकड्यांतलं वर्णन) फ्रॅगएफपी आहे, 512 ठरलेल्या तुकड्यांचा. तोही "आहे-नाही"वालाच, म्हणजे पुन्हा तेच रडगाणं. त्याऐवजी त्यातलाच स्केलस्फिअर्स हा डिस्क्रिप्टर काढून घ्या. तो एकच तुकडा किती वेळा आला ते धरतो, शिवाय स्टिरिओही (अणूंची त्रिमितीय मांडणी) बघतो.

मग साम्य आणि अ‍ॅक्टिव्हिटी क्लिफचं (रचना सारखी पण गुणधर्म एकदम वेगळा) विश्लेषण चालवा. सारखे रेणू रेषांनी जोडलेले दिसतात, ठिपका निवडला की रचना बाजूला. ठिपक्यांना रंग तुमच्या सीएमसीच्या कॉलमवरून द्या. रेषेने जोडलेले पण रंग एकदम वेगळा, अशी जोडी दिसली की थांबा, खरा माल तिथे आहे. एकावर एक बसलेले ठिपके सुटे करायला जिटर (ठिपके किंचित इकडेतिकडे सरकवणं) वाढवा.

निळी_लिटमस:
यूमॅप ठेवणार असाल तर सरांच्या हातात पट्टी देऊ नका. :) जवळचे शेजारी बऱ्यापैकी खरे असतात, पण दोन लांबच्या घोळक्यांमधलं अंतर म्हणजे ठाणे ते वाशी किलोमीटर नव्हे. सीड (सुरुवातीचा यादृच्छिक आकडा) बदलला तर चित्र फिरतं. आणि "0.85च्या वर म्हणजे सारखं" असं कुणी सांगितलं तर विचारा, कुठल्या फिंगरप्रिंटवर? तो आकडा जुन्या डेलाइट फिंगरप्रिंटसोबत रुळला. मॉर्गनवर आकडे एकूणच खाली येतात.

पिपेटवाली:
सगळ्यांचे आभार. आज जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात केलं. प्रतिआयन काढले, स्केलस्फिअर्स घेतला. सी-12, सी-14, सी-16 ट्रान्स-हार्बरच्या स्टेशनांसारखे ओळीत लागले! वरून एक भानगड सापडली: शीटमधल्या दोन ओळी एकच रेणू निघाला, दोन सप्लायरच्या दोन व्यापारी नावांनी. आमच्याकडे त्यांचे सीएमसी वेगवेगळे लिहिलेत. उद्या दोन्ही पुन्हा मोजते.

आता एकच. आमचे इथॉक्सिलेट मिश्रणच असतात. डब्यावर "7 मोल ईओ" (रेणूमागे सरासरी सात इथिलीन ऑक्साइडचे तुकडे) लिहिलेलं, पण आत चारपासून दहा-अकरापर्यंत सगळे. स्माइल्स कुठली लिहू?

खोपटचा_केमिस्ट:
सातचीच लिहा, पण "मिश्रण" असा कॉलम जोडा आणि त्या ठिपक्यांना वेगळा आकार द्या. जीसीवरून (गॅस क्रोमॅटोग्राफी) वितरण, म्हणजे कुठला किती आहे ते, मिळत असेल तर तेही शेजारी ठेवा. सातच्या ठिपक्याला शुद्ध पदार्थ समजून कुणी सीएमसीची तुलना करायला नको.