नोकरी सांभाळून पुरवठा साखळी व्यवस्थापनाचे ऑनलाइन एमबीए: विद्यापीठ निवडताना काय पाहावे?

नियोजन_चाकण (प्रश्न)

नमस्कार. मी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवीधर आहे आणि चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पीपीसी विभागात, म्हणजे उत्पादन नियोजन आणि नियंत्रणात, काम करते. ग्राहक कंपनीकडून महिन्याचे शेड्यूल येते आणि ते आठवड्यागणिक बदलत राहते. त्याप्रमाणे व्हेंडरांकडून माल मागवणे, रोज सकाळी शॉर्टेज लिस्ट काढणे आणि लाइन थांबू नये म्हणून दिवसभर फॉलोअप घेणे, हे माझे मुख्य काम. काम मला मनापासून आवडते. परंतु एखाद्या भागाचा सेफ्टी स्टॉक, म्हणजे टंचाई टाळण्यासाठीचा राखीव साठा, अमुक इतकाच का ठेवला आहे, असे विचारले तर आमच्या विभागात त्याला उत्तर मिळत नाही. तो आकडा पूर्वीपासून तसाच चालत आला आहे, एवढेच सांगितले जाते.

हे शास्त्र नीट शिकावे, या इच्छेने मी पुरवठा साखळी व्यवस्थापनातील ऑनलाइन एमबीएचा विचार करत आहे. मुलगी लहान आहे, त्यामुळे नोकरी सोडून पूर्णवेळ शिकणे शक्य नाही. अशा पदवीला नेहमीच्या पदवीइतकी मान्यता असते का, दोन विद्यापीठांतला फरक बाहेरून कसा ओळखावा, आणि माझ्यासारखीला या शिक्षणाचा कामात खरोखर उपयोग होईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खरेदी_नाशिक

ताई, मान्यतेचा प्रश्न आधी सोडवून टाकू, कारण त्यात अंदाजाने चालण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ४ सप्टेंबर २०२० रोजी मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम अधिसूचित केले. त्या नियमांनुसार मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी ही प्रत्यक्ष वर्गात बसून मिळवलेल्या पदवीशी समकक्ष मानली जाते, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने जाहीर सूचना काढून हेच पुन्हा स्पष्ट केले. मात्र ही मान्यता विद्यापीठाच्या नावाला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि विशिष्ट प्रवेशसत्राला असते. म्हणून आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर जाऊन आपले विद्यापीठ, आपला अभ्यासक्रम आणि आपण प्रवेश घेणार ते सत्र या तिन्हींची नोंद स्वतः पाहावी. विद्यापीठाच्या जाहिरातीतील मान्यतेच्या चिन्हांवर विसंबू नये.

२०२४ पासून अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढणे आवश्यक झाले आहे आणि त्यासाठी आधी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे शैक्षणिक श्रेयांक जमा ठेवणाऱ्या सरकारी डिजिटल व्यवस्थेचे, खाते लागते. ही दोन्ही कामे स्वतः करावीत, कोणा समुपदेशकाच्या हाती ओटीपी देऊन करू नयेत. प्रवेश देणाऱ्याने डीईबी आयडी मागितलाच नाही, तर पैसे भरण्यापूर्वी तिथेच थांबावे. एखादी शिक्षण-तंत्रज्ञान कंपनी विद्यापीठाला संगणकप्रणाली पुरवू शकते. परंतु विद्यापीठाने आपली पदवी फ्रँचायझी देऊन दुसऱ्याकरवी चालवावी, याला आयोगाची परवानगी नाही. ‘१० दिवसांत एमबीए’ अशा जाहिरातींविरुद्धही आयोगाने २०२४ मध्ये लोकांना सावध केले होते. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा: जी संस्था विद्यापीठ नाही, ती पीजीडीएम देते. ती पदव्युत्तर पदविका आहे, एमबीए ही पदवी नव्हे. चांगल्या संस्थेची पीजीडीएम उद्योगात मानाची असते, पण आपण नेमके काय घेत आहोत हे घेणाऱ्याला माहीत असावे.

दोन विद्यापीठांतला फरक ओळखायचा असेल, तर माहितीपत्रकातील नामांकित कंपन्यांची बोधचिन्हे सोडून सरळ चारही सत्रांची विषययादी उघडावी. बहुतेक ठिकाणी पहिले वर्ष लेखाशास्त्र, विपणन, मनुष्यबळ अशा सामाईक विषयांत जाते आणि पुरवठा साखळीचे विषय दुसऱ्या वर्षात येतात. ते किती आहेत आणि त्यांपैकी गणिताधारित किती आहेत, हे मोजावे. मी खरेदी विभागात माणसे निवडण्याच्या मुलाखतींना बसतो. पदवी ऑनलाइन आहे की वर्गातली, यावर आमची चर्चा फारशी रेंगाळत नाही. उमेदवाराने प्रकल्प कशावर केला, आकडे कुठून आणले आणि निष्कर्ष कसा काढला, हे विचारले की त्याने काय शिकले आहे ते पुरेसे कळते.

ऑपरेशन्स_अध्यापन

मी व्यवस्थापन महाविद्यालयात हाच विषय शिकवतो, म्हणून आपल्या सेफ्टी स्टॉकच्या प्रश्नावरच थोडे सविस्तर लिहितो. असा प्रश्न मनात घेऊन येणारा विद्यार्थी या पदवीतून सर्वांत जास्त घेऊन जातो, असे माझे ठाम मत आहे.

समजा, एका भागाचा रोजचा सरासरी वापर २०० नग आहे आणि त्यातील चढउताराचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब जातात त्याचे माप, ४० नग आहे. व्हेंडरचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ, ९ दिवस आहे आणि तो अचूक पाळला जातो. अशा वेळी लीड टाइममधील मागणीचे विचलन ४० गुणिले ९ चे वर्गमूळ, म्हणजे १२० नग येते. ९५ टक्के वेळा टंचाई येऊ नये असे वाटत असेल तर त्याला १.६५ ने (संख्याशास्त्राच्या तक्त्यातील ९५ टक्क्यांच्या गुणकाने) गुणायचे, म्हणजे सुमारे २०० नगांचा सेफ्टी स्टॉक पुरतो. आता मागणी तीच ठेवा, पण व्हेंडर कधी लवकर, कधी उशिरा माल देतो आणि त्याच्या लीड टाइमचे विचलन २ दिवस आहे असे धरा. २०० गुणिले २, म्हणजे ४०० नगांची अनिश्चितता एकट्या त्याच्यामुळे येते. १२० आणि ४०० यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की सुमारे ४१८, आणि १.६५ ने गुणल्यावर सेफ्टी स्टॉक जवळजवळ ६९० नगांवर जातो.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विक्री विभागाशी भांडून आपण मागणीचे विचलन ४० वरून २० वर आणले, तरी हा आकडा ६९० वरून फक्त ६६७ पर्यंत उतरतो. तेच श्रम व्हेंडरमागे लावून त्याचे विचलन २ दिवसांवरून १ दिवसावर आणले, तर तो सुमारे ३८५ होतो. कोणत्या दारावर टकटक करायची, हे गणित सांगते. आपल्याकडे जीआरएनच्या, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीच्या, तारखा असतात, पीओवरील, म्हणजे खरेदी आदेशावरील, कबूल केलेल्या तारखा असतात. त्यांतील फरकांचे विचलन काढणे हे एका दुपारचे काम आहे.

या सूत्राच्या मर्यादाही चांगला अध्यापक शिकवतो. इथे रोजची मागणी परस्परांपासून स्वतंत्र आहे असे गृहीत धरले आहे. आपले शेड्यूल आठवड्याला एकदम बदलत असेल तर ते गृहीतक मोडते, आणि मग संगणकावर सिम्युलेशन, म्हणजे परिस्थितीची नक्कल, करून पाहणे अधिक योग्य ठरते. शेड्यूलमधील लहानसा बदल मागच्या मागच्या पुरवठादारांपर्यंत मोठा होत जातो, हा बुलव्हिप परिणामही आपण रोज अनुभवत असाल. त्याची कारणे ठरलेली आहेत: प्रत्येक जण खऱ्या वापराऐवजी पुढच्याच्या ऑर्डरवरून अंदाज बांधतो, ऑर्डरी गठ्ठ्याने दिल्या जातात, सवलतीच्या काळात साठा केला जातो आणि टंचाईच्या भीतीने वाढीव मागणी नोंदवली जाते.

म्हणून विषययादीत संख्याशास्त्र, पूर्वानुमान, साठा नियंत्रण, इष्टतमीकरण (ऑप्टिमायझेशन) आणि सिम्युलेशन हे स्वतंत्रपणे दिसतात का ते पाहा. परीक्षा केवळ बहुपर्यायी प्रश्नांची आहे की उदाहरणे सोडवावी लागतात, हेही विचारा. ज्या अभ्यासक्रमात दोन वर्षांत एकदाही एक्सेलचा सॉल्व्हर, म्हणजे सर्वांत योग्य उत्तर शोधून देणारे साधन, उघडावा लागत नाही, तो मी आपल्याला सुचवणार नाही.

न्हावाशेवा_फॉरवर्डिंग

मी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या मालाच्या वाहतुकीची व्यवस्था करण्याच्या व्यवसायात, आहे आणि नोकरी करतच ऑनलाइन एमबीए पूर्ण केले आहे. सरांनी साठ्याबद्दल लिहिले ते बंदरावर बसून पाहताना आणखी पटते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा युरोपकडचा प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी लांबला. आमच्या ज्या ग्राहकांनी फक्त सरासरी लीड टाइम वाढवून घेतला त्यांना टंचाई सोसावी लागली; कारण जहाज येण्याच्या तारखेतील अनिश्चितताही त्याच वेळी वाढली होती आणि ती त्यांच्या हिशेबात आलीच नव्हती.

पदवीने मला सर्वांत जास्त दिले ते नेटवर्क डिझाइन या, म्हणजे गोदामे कुठे आणि किती असावीत हे ठरवण्याच्या, विषयाने. १ जुलै २०१७ पूर्वी आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागत असे, पण कंपनीने आपल्याच दुसऱ्या राज्यातील गोदामात माल पाठवला तर तो लागत नसे. त्यामुळे कित्येक कंपन्यांनी गरज असो वा नसो, राज्याराज्यांत गोदामे ठेवली होती. जीएसटी आल्यावर ते कारण उरले नाही आणि अंतर, भाडे व साठ्याचा खर्च यांवरून थोडी पण मोठी गोदामे उभी राहू लागली. भिवंडीच्या गोदामांमधून मी वर्षानुवर्षे माल हलवला होता. ती तिथेच का वाढली, मुंबईच्या जकातीचा त्यात काय वाटा होता आणि जकात गेल्यावरही ती का टिकली, याचा सलग विचार मी अभ्यासामुळे केला. डेमरेज (कंटेनर बंदरात मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचे शुल्क) आणि डिटेन्शन (बंदराबाहेर नेलेला कंटेनर उशिरा परत केल्याचे शुल्क) यांतला फरक कामावर शिकता येतो. परंतु ते शुल्क टाळण्यासाठी जास्त खर्चाची जलद वाहतूक कोणत्या मर्यादेपर्यंत परवडते, हे मांडायला अभ्यासाची बैठकच लागते.

घरच्या वेळापत्रकाबद्दल आपण थेट विचारले नाही, तरी सांगते. ध्वनिमुद्रित व्याख्याने कधीही ऐकता येतात, हाच या पद्धतीचा धोका आहे, कारण ती साचत जातात. थेट तासांच्या वेळा घरात आधी सांगून ठेवाव्यात आणि त्या वेळेत मुलीकडे कोण पाहील हे ठरवून घ्यावे. महिनाअखेरीला पीपीसीवर ताण असतो, त्यामुळे स्वाध्यायांच्या मुदती आणि सत्रपरीक्षा कधी येतात, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्या. सत्र चुकले तर किती वर्षांत पदवी पूर्ण करता येते आणि त्यासाठी पुन्हा शुल्क किती, हेही लेखी मागा.

नियोजन_चाकण

सर्वांचे मनापासून आभार. सरांचे गणित वाचून मी लगेच आमच्या एका भागाचे जीआरएन काढले आणि विचलन खरोखरच व्हेंडरच्या बाजूला मोठे निघाले. आता दोन शंका उरल्या आहेत. एमआयटीचे मायक्रोमास्टर्स किंवा सीपीआयएम, सीएससीपी यांसारखी प्रमाणपत्रे आधी करावीत की थेट एमबीएला प्रवेश घ्यावा? आणि प्रकल्पासाठी कंपनीचे आकडे वापरणे कितपत योग्य आहे?

ऑपरेशन्स_अध्यापन

दोन्ही शंका योग्य आहेत. एमआयटीच्या मायक्रोमास्टर्समध्ये पुरवठा साखळीचे पाच अभ्यासक्रम आणि शेवटी एक सर्वंकष परीक्षा आहे. ते पूर्ण करणाऱ्याला एमआयटीच्या मिश्र पद्धतीच्या पदव्युत्तर पदवीसाठी अर्ज करता येतो, मात्र ते स्वतः पदवी नाही. त्यातील विश्लेषणाचा अभ्यासक्रम संभाव्यता, समाश्रयण (रिग्रेशन) आणि इष्टतमीकरण यांचा चांगला कस पाहतो. सीपीआयएम आणि सीएससीपी ही पूर्वीच्या एपिक्स, आताच्या एएससीएम या संस्थेची व्यावसायिक प्रमाणपत्रे आहेत. त्यांपैकी सीपीआयएम आपल्या आजच्या कामाच्या अगदी जवळचे आहे. आपल्याला केवळ नियोजनातच खोल जायचे असेल, तर ते पुरेसे ठरू शकते. पुढे विभागप्रमुख होऊन खर्च, करार आणि माणसे सांभाळायची असतील, किंवा पदोन्नतीसाठी पदव्युत्तर पदवीची अट असेल, तर एमबीएला पर्याय नाही. माझा सल्ला असा की पुढचे प्रवेशसत्र सुरू होईपर्यंत विश्लेषणाचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम करून पाहावा. रात्री घरातले सगळे आटोपल्यावर उदाहरणे सोडवायला बसवते का आणि त्यात मन रमते का, हे मोठे शुल्क भरण्यापूर्वी कळेल. आपले शिक्षण अभियांत्रिकीचे आहे, त्यामुळे गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. संख्याशास्त्राची उजळणी मात्र करावी लागेल.

कंपनीचे आकडे वापरण्यासाठी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी, तोंडी होकारावर थांबू नये. व्हेंडर आणि ग्राहक यांची नावे, भागांचे क्रमांक आणि दर काढून टाकावेत, आणि सर्व नगसंख्यांना एकाच गुप्त संख्येने गुणावे. प्रमाणे तीच राहतात, त्यामुळे विश्लेषणाला बाधा येत नाही. परवानगी मिळाली की प्रत्येक पीओची तारीख, कबूल केलेली तारीख, जीआरएनची तारीख, मागितलेले नग आणि मिळालेले नग अशा पाच रकान्यांत वर्षभराची नोंद काढायला लागा. शेड्यूलची बाब वेगळी आहे. अनेक कारखान्यांत नवे शेड्यूल आले की जुने पुसले जाते आणि ते नंतर कुठेच सापडत नाही. आपल्याकडे तसे होत असेल, तर प्रवेशाची वाट न पाहता येणारी प्रत्येक सुधारित प्रत तारखेसह वेगळी जतन करायला या आठवड्यापासूनच सुरुवात करा, कारण बुलव्हिपवरचा प्रकल्प त्याच प्रतींवर उभा राहील.