'ड्राय'चा अर्थ एकच की दहा?

फोंड्याचा मास्तर
इंग्रजी 'ड्राय'चे दहा अर्थ मुलांकडून घोकून घ्यायला माझा विरोध आहे. अर्थ एकच: नेहमी असतं असं काहीतरी इथे नसणं. ड्राय डेला दारू नाही, ड्राय टोस्टला लोणी नाही, ड्राय वाइनमध्ये साखर नाही. पुढचं नाम बदललं की काय नाही तेवढं बदलतं.

म्हापशेकरीण
सर, वाइनमध्ये साखर 'नेहमीची' हे कोणी ठरवलं? गोड पोर्ट वाइनवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी! यीस्टने द्राक्षाची जवळजवळ सगळी साखर संपवली की वाइन ड्राय, त्यात उणीव कसली? आणि शॅम्पेनचं काय? 'ब्रूट'मध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये 12 ते 17. म्हणजे नावात जास्त ड्राय तीच जास्त गोड.

फोंड्याचा मास्तर
शॅम्पेन बारावीच्या पेपरात येत नाही, बाई.

वास्कोकार
सरांची बाजू घेतो. ड्राय डॉकमध्ये जहाज आत घेतात, दार लावतात, पाणी उपसतात. ड्राय क्लीनिंगमध्ये कपडे द्रावणात भिजतातच, फक्त ते पाणी नसतं. ड्राय आइस उणे 78.5 अंशाला थेट वायू होतो, पाणी होतच नाही. तिन्हीकडे नाही ते पाणीच.

म्हापशेकरीण
बरं, ड्राय ह्यूमरमध्ये काय नाही?

फोंड्याचा मास्तर
सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू नाही.

मडगावकर
हे उत्तर अर्थ आधी ठाऊक असलेल्यालाच सुचतं. ज्या पोराने फक्त नियम पाठ केलाय तो म्हणेल, 'विनोदात मजा नाही', आणि नियमाप्रमाणे त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. ड्राय लेक्चर म्हणजे कंटाळवाणं, ड्राय ह्यूमर म्हणजे बहुधा कौतुक. दोन्ही बोलण्याबद्दलच, पण एक शिवी नि एक शाबासकी. हा फरक नियमातून कसा काढणार?

शिवाय आपली वेगळीच गंमत. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, भरतो ती सुकी मासळी आणि रस्सा नसलेलं मटण, दोन्ही आपल्याला 'सुकं'च. म्हणून पोरं दोन्हीकडे 'ड्राय' लिहितात. पुस्तकी इंग्रजीत मासळी 'ड्राइड' हवी, कारण ती वाळवलेली. इथे तर काही नसण्याचा प्रश्नच नाही, कोणीतरी ती उन्हात घातली एवढंच.

फोंड्याचा मास्तर
मासळीतलं पाणीच गेलं ना? नियम लागतोच. 'ड्राइड' हा व्याकरणाचा तास, तो वेगळा घेतो.

म्हापशेकरीण
घ्या. पण आधी नामासकट जोड्या द्या, नियम पोरंच काढतील.

फोंड्याचा मास्तर
चाळीस पोरं, पस्तीस मिनिटं. नियमच आधी.